लहान पवनचक्कीच्या मॅग्नेट जनरेटरचं मॉडेल: कागदापासून लेथपर्यंत

सिम्युलिंक हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर उघडायचं, लायब्ररीतून पर्मनंट मॅग्नेट सिंक्रोनस मशीनचा ब्लॉक ओढून आणायचा, पुढे एसीचं डीसी करणारा डायोड ब्रिज आणि बॅटरी जोडायची, रन दाबायचं. आलेख छान येतात, रिपोर्टही भरतो. फक्त ब्लॉकवर डबल क्लिक केल्यावर दिसणारे आकडे भलत्याच कुठल्या तरी मशीनचे असतात. आपण जो जनरेटर बनवणार आहोत, त्याचा आणि त्या आलेखांचा काडीचा संबंध नसतो.

म्हणून या लेखात सॉफ्टवेअर उशिरा येईल. या मशीनचं मॉडेल म्हणजे मुळात चार आकडे: पोलच्या जोड्या किती, एका फेजचं फ्लक्स लिंकेज (तिच्या सगळ्या वेढ्यांतून जाणारा एकूण चुंबकीय फ्लक्स) किती, रेझिस्टन्स किती, इंडक्टन्स किती. हे चार आकडे आधी कागदावर काढायचे, मग जनरेटर तयार झाल्यावर मोजायचे. मधलं सगळं त्यांच्या आधारावर चालतं.

उदाहरणासाठी एकच मशीन शेवटपर्यंत धरू. पात्यांचा व्यास २.४ मीटर, बॅटरी बँक ४८ व्होल्टची, गिअरबॉक्स नाही. जनरेटर ॲक्सियल फ्लक्स, म्हणजे दोन लोखंडी चकत्या, प्रत्येकीवर १२ निओडिमियम मॅग्नेट आणि मधे रेझिनमध्ये ओतलेला ९ कॉइलचा स्टेटर, म्हणजे न फिरणारा भाग. स्टेटरमध्ये लोखंड नाही. घरगुती कार्यशाळेत बनवता येणारी ही रचना जगभर वापरात आहे आणि शिकायला तिच्याइतकी सोपी दुसरी नाही. चाळकेवाडीच्या पठारावर दिसणाऱ्या अवाढव्य चक्क्यांकडे बघून मात्र सगळ्यांच्या पोटात मॅग्नेटच असतात असं समजू नका. मोठ्या टर्बाइनमध्ये डबली फेड इंडक्शन जनरेटरही (फिरत्या भागातही मॅग्नेटऐवजी वाइंडिंग असलेले) भरपूर असतात, आणि एनरकॉनने तर वर्षानुवर्षं मॅग्नेट न वापरता तारेच्या फील्ड वाइंडिंगवर गिअरबॉक्सविना टर्बाइन चालवली.

मॅग्नेटचा फायदा उघड आहे: स्लिप रिंग (फिरत्या भागाला वीज पोचवणारी कडी) नाही, चुंबकीय फील्डला वीज लागत नाही, पोल भरपूर ठेवता येतात म्हणून कमी आरपीएमवरही काम होतं. तोटा एकच, पण मोठा. फील्ड बंद करता येत नाही. चाक फिरलं की व्होल्टेज येणारच, आणि ते आरपीएमच्या प्रमाणात वाढणार. पुढचे बहुतेक प्रश्न इथूनच निघतात.

पायरी १: वारा काय देतो ते आधी

पात्यांनी व्यापलेलं क्षेत्रफळ ४.५२ चौरस मीटर. वाऱ्यातली पॉवर = ०.५ × हवेची घनता × क्षेत्रफळ × वेगाचा घन. समुद्रसपाटीला ३० अंश तापमानात घनता साधारण १.१६ किलो प्रति घनमीटर. पुस्तकातले १.२२५ हे १५ अंशांचे आहेत, ते कोकणात डोळे झाकून वापरू नका. सह्याद्रीच्या माथ्यावर, हजार-अकराशे मीटरवर, आणखी दहाएक टक्के कमी धरा.

१० मीटर प्रति सेकंद वाऱ्याला हिशेब २,६२४ वॅटचा येतो. यातलं सगळं मिळत नाही. बेट्झची मर्यादा ५९.३ टक्के आणि लाकडी पात्यांना चांगल्या स्थितीत ३५ टक्क्यांच्या आसपास. हा हिस्सा, म्हणजे पॉवर कोइफिशंट, टिप स्पीड रेशोवर अवलंबून असतो. पात्याच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या किती पट, तो हा रेशो. आपल्या पात्यांसाठी मी असा कर्व्ह धरतो: रेशो ३ ला ०.१६, ४ ला ०.२८, ५ ला ०.३४, ६ ला ०.३६, ७ ला ०.३५. पाती बदलली की कर्व्ह बदलेल, आकार साधारण असाच राहील: डावीकडे कडा कोसळल्यासारखा उतार, माथ्यावर सपाटी. तो डावीकडचा उतार लक्षात ठेवा.

रेशो ६ म्हणजे १० मीटरच्या वाऱ्याला ५० रेडियन प्रति सेकंद, ४७७ आरपीएम. इथे पात्यांकडून ९४५ वॅट मिळू शकतात. ३ मीटरच्या वाऱ्याला रेशो ७ धरला तर १६७ आरपीएम, आणि मिळणार जेमतेम २५ वॅट.

पायरी २: मॅग्नेट, गॅप, फ्लक्स

मॅग्नेट ४६ × ३० × १० मिलिमीटर, एन ४० ग्रेड, रेमनन्स (मॅग्नेटची स्वतःची फ्लक्स डेन्सिटी) १.२५ टेस्ला. दोन समोरासमोरच्या मॅग्नेटमधलं अंतर १६ मिलिमीटर: स्टेटर १२, दोन्ही बाजूंना २-२ मोकळे. गॅपमधली फ्लक्स डेन्सिटी = रेमनन्स × मॅग्नेटची एकूण जाडी ÷ (एकूण जाडी + १.०५ × गॅप). म्हणजे १.२५ × २० ÷ ३६.८ = ०.६८ टेस्ला.

हा आकडा आशावादी आहे. काही फ्लक्स कॉइलमधून न जाता शेजारच्या मॅग्नेटकडे वळतो. म्हणून ०.६ टेस्ला धरू. एका पोलचा फ्लक्स = ०.६ × ०.००१३८ चौरस मीटर = ०.८३ मिलिवेबर.

चकतीची जाडी इथेच तपासा, कारण फ्लक्सला परतीचा रस्ता लोखंडातूनच आहे. पोलचा निम्मा फ्लक्स एका बाजूने जातो. ६ मिमी पत्रा घेतला तर त्यात दीड टेस्ला भरतो, म्हणजे सॅच्युरेशनच्या, लोखंडात आणखी फ्लक्स मावेनासा होण्याच्या, उंबरठ्यावर. १० मिमी घेतला तर ०.९. मॅग्नेट महाग, लोखंड स्वस्त. जाड पत्रा घ्या. आणि मॅग्नेट चिकटवताना घाई नको, या आकाराचे निओडिमियम एकमेकांवर आदळले की बोटाचं नख जागेवर राहत नाही.

पायरी ३: वेढे आणि तार

१२ पोल म्हणजे ६ जोड्या. फ्रीक्वेन्सी = ६ × आरपीएम ÷ ६०. इलेक्ट्रिकल वेग हा चाकाच्या रेडियन वेगाच्या ६ पट. हा गुणक विसरल्यामुळे जितकी मॉडेलं चुकतात, तितकी दुसऱ्या कशाने चुकत नसतील.

९ कॉइल, ३ फेज. १, ४ आणि ७ नंबरच्या कॉइल चकतीवर १२० अंशांनी लांब असतात, म्हणजे इलेक्ट्रिकल ७२० अंश, म्हणजे एकाच फेजमध्ये. त्या सीरिजमध्ये जोडायच्या. बाकीच्या दोन फेज तशाच, आणि तिन्हींचं स्टार कनेक्शन.

आता नवखा माणूस स्वाभाविकपणे असा विचार करतो: ३ मीटरच्या झुळुकीलाही बॅटरी चार्ज व्हायला लागली पाहिजे. चार्जिंग सुरू व्हायला बॅटरीचे ५० व्होल्ट आणि दोन डायोडचे १.४, म्हणजे लाइन व्होल्टेजचं शिखर ५१.४ हवं. फेजला २९.७. १६७ आरपीएमला इलेक्ट्रिकल वेग १०५ रेडियन, तेव्हा फ्लक्स लिंकेज ०.२८३ वेबर-टर्न हवं. ०.८३ मिलिवेबरने भागा, कॉइलच्या रुंदीमुळे पडणारी ५ टक्के घट धरा, आणि फेजला ३६० वेढे येतात. कॉइलला १२०.

कॉइलच्या एका पायाला २१ × १२ मिलिमीटर जागा आहे. हाताने गुंडाळलेल्या कॉइलमध्ये यातली ५५ टक्के तांब्याने भरते, त्यामुळे १८ गेजची इनॅमल तार बसते, व्यास १.२२ मिलिमीटर. एका वेढ्याची सरासरी लांबी २२ सेंटीमीटर, फेजची तार ७९ मीटर, रेझिस्टन्स २० अंशांना १.१७ ओहम. ८० अंशांना हाच १.४५ होतो, ते विसरू नका.

इंडक्टन्सबद्दल एक गैरसमज रूढ आहे: स्टेटरमध्ये लोखंड नाही, सबब इंडक्टन्स शून्य धरा. एअर कोअर कॉइलच्या सूत्राने एका कॉइलचा १ मिलिहेन्रीच्या वर येतो, मागच्या चकत्यांमुळे थोडा वाढतो. फेजला साडेतीन धरा. ४७७ आरपीएमला त्याचा रिॲक्टन्स १.०५ ओहम, म्हणजे जवळजवळ रेझिस्टन्सइतकाच. कमी आरपीएमला सोडून दिलात तर चालेल, वरच्या टोकाला नाही.

पायरी ४: ब्रिजच्या पलीकडून बघायचं

बॅटरीच्या बाजूने बघितलं तर सगळा जनरेटर म्हणजे एक डीसी सोर्स आणि त्याच्या पुढे एक रेझिस्टन्स. सोर्स = १.६५४ × फ्लक्स लिंकेज × इलेक्ट्रिकल वेग. पुढचा रेझिस्टन्स = २ × फेज रेझिस्टन्स + ०.९५५ × इलेक्ट्रिकल वेग × इंडक्टन्स. दुसरी टर्म डायोडच्या कम्युटेशनची, म्हणजे करंट एका डायोडवरून दुसऱ्यावर सरकण्याची. तिच्यामुळे व्होल्टेज पडतं, पण उष्णता होत नाही. म्हणून चाकावरचा भार काढताना ती धरायची नाही: पात्यांकडून घेतलेली पॉवर = करंट × (बॅटरी व्होल्टेज + १.४ + २ × फेज रेझिस्टन्स × करंट).

हे स्प्रेडशीटमध्ये बसतं. आरपीएमचा एक कॉलम, सोर्सचा, करंटचा, पॉवरचा. शेजारी प्रत्येक वाऱ्यासाठी पात्यांच्या पॉवरचा कॉलम. दोन कर्व्ह जिथे एकमेकांना छेदतात तिथे चक्की स्थिरावणार. ऑक्टेव्ह किंवा पायथॉनमध्ये वीस-पंचवीस ओळींचं काम.

पायरी ५: कर्व्ह कुठे छेदतात

या पायरीवर वेळ घालवा, कारण पैसे इथे वाचतात.

१२० वेढ्यांचा जनरेटर, चार्जिंग चालू असताना बॅटरी ५२ व्होल्टवर, वारा १० मीटर. कर्व्ह छेदतात २५.५ रेडियनला, म्हणजे २४४ आरपीएमला. पात्यांना हवे होते ४७७. टिप स्पीड रेशो ३.०६, म्हणजे आपण त्या डावीकडच्या उतारावर, पाती स्टॉल झालेली (हवा पात्याला धरून वाहायची थांबते आणि जोर पडतो). पात्यांकडून ४३८ वॅट, करंट ६.४ अँपिअर, बॅटरीत ३३३ वॅट. मिळू शकत होते ९४५.

कारण साधं आहे. बॅटरी व्होल्टेज हलू देत नाही. १६७ आरपीएमच्या पुढे जनरेटरचं व्होल्टेज वाढायला लागलं की करंट झपाट्याने चढतो, चाकावर टॉर्क येतो, चाक पुढे जातच नाही. भरल्या बैलगाडीला ब्रेक लावून बैल हाकावेत, तसं. वारा कितीही वाढला तरी चाक हळूच फिरतं आणि बघणारा म्हणतो, जनरेटर जड झालाय. जनरेटर उत्तम आहे, पात्यांशी त्याचं जमत नाही.

आता कॉइलला ८० वेढे करून बघू, तार १७ गेज, व्यास १.४२. फ्लक्स लिंकेज ०.१८९, रेझिस्टन्स ०.५७, इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात उतरून १.५६ मिलिहेन्री. चार्जिंग २५० आरपीएमला सुरू होईल, त्यासाठी साडेचार मीटरचा वारा लागेल. नवख्याला हे नुकसान वाटतं. पण १० मीटरला कर्व्ह आता ३६५ आरपीएमला छेदतात, करंट १२.२, बॅटरीत ६३५ वॅट. जवळजवळ दुप्पट. बदल्यात काय गेलं? ४ मीटरच्या वाऱ्याला पाती फार तर ६० वॅट देणार होती, ते.

महाराष्ट्रात हा सौदा फायद्याचाच आहे असं माझं मत. आपल्याकडे वाऱ्याचा हंगाम मुख्यतः जून ते सप्टेंबर. तेव्हा वारा जोरात असतो आणि ढगांमुळे सोलर पॅनेल सुस्त. हिवाळ्यातल्या झुळुकींचा पाठलाग करण्यापेक्षा त्या महिन्यांत पॅनेलवर भिस्त ठेवावी. जिथे पॅनेल लावायला जागाच नाही किंवा वर्षभर मंद वारा आहे, तिथे हिशेब वेगळा निघेल. मॉडेलमध्ये वाऱ्याचे तास घालून बघा.

आणखी दोन वाटा आहेत. एक, ब्रिजच्या आधी मुद्दाम लांब केबल किंवा रेझिस्टन्स टाकायचा. वीज वाया जाते, तरी पाती स्टॉलमधून सुटल्यामुळे कधीकधी एकूण फायदा होतो, हेही मॉडेलमध्ये दिसेल. दोन, एमपीपीटी कन्व्हर्टर, म्हणजे जास्तीत जास्त पॉवरचा बिंदू शोधत राहणारा. तो बॅटरीची पकड सोडवतो, चाक रेशो ६ वर राहू शकतं आणि मग १२० वेढ्यांचाच जनरेटर बरा: ब्रिजच्या बाहेर ८०० वॅटच्या वर मिळतात, करंट सातच अँपिअर. पण कन्व्हर्टर निवडताना लोड सुटल्यावरचं व्होल्टेज बघा. बॅटरीचा फ्यूज उडाला आणि १० मीटरच्या वाऱ्यात रिकामं चाक रेशो १० ला पोचलं, तर १२० वेढ्यांवर लाइनचं शिखर २४५ व्होल्ट येतं, ८० वर १६३. साठ व्होल्टचा चार्ज कंट्रोलर तिथे क्षणभरही टिकणार नाही. डंप लोड (जादा वीज जाळून टाकणारा रेझिस्टन्स) आणि वाऱ्यातून तोंड फिरवणारी शेपटी हे ऐच्छिक सामान नव्हे.

तापमानही इथेच बघून घ्या. ६३५ वॅट देताना स्टेटरमध्ये १७० वॅटची उष्णता होते. साध्या एन ग्रेडचे मॅग्नेट ८० अंशांपर्यंतच सुरक्षित. शिवाय दर अंशाला फ्लक्स ०.१२ टक्क्याने उतरतो.

पायरी ६: फायनाइट एलिमेंट, हवं तेवढंच

आपण ०.६ टेस्ला अंदाजाने धरले होते. ते तपासायला एफईएमएम हे फायनाइट एलिमेंट पद्धतीचं, म्हणजे आकृतीचे बारीक तुकडे करून फील्ड काढणारं, मोफत सॉफ्टवेअर पुरतं. ते द्विमितीय आहे, आपलं मशीन त्रिमितीय. म्हणून मधल्या त्रिज्येवर, १२७ मिलिमीटरला, चकती कापून सरळ उलगडायची. एका पोलची रुंदी ६६.५ मिलिमीटर येते. एवढाच तुकडा काढा, डाव्या-उजव्या कडांना अँटी-पीरियॉडिक बाउंडरी द्या (एका कडेचं फील्ड दुसऱ्या कडेला उलट चिन्हाने येतं ही अट), खोली ४६ मिमी. मटेरियल लायब्ररीत ४० एमजीओईचा निओडिमियम (म्हणजे आपला एन ४०) आणि १०१० स्टील तयार आहेत. मॅग्नेटच्या दिशा वर-खाली नीट दिल्यात ना, ते फ्लक्सच्या रेषा बघूनच ठरवा. रेषा स्टेटर सरळ ओलांडून पलीकडच्या मॅग्नेटमध्ये शिरल्या पाहिजेत. मॅग्नेटच्या आतल्या आणि बाहेरच्या टोकांची गळती या चित्रात येत नाही, तेव्हा उत्तर अजूनही थोडं चढंच असेल. त्रिमितीय पॅकेजच्या मागे लागून महिना घालवण्यापेक्षा एक कॉइल गुंडाळून मोजलेली बरी.

पायरी ७: डीक्यू मॉडेल कधी लागतं

डायोड ब्रिज आणि बॅटरी असेल तर वर्षाकाठी किती युनिट मिळतील, हे सांगायला वरची स्प्रेडशीट पुरेशी आहे. स्टेटरचा टाइम कॉन्स्टंट तीन मिलिसेकंदांच्या आत, चाकाला वेग घ्यायला सेकंद लागतात. दोन्ही एकाच सिम्युलेशनमध्ये, डायोडच्या तपशिलासकट, दहा मिनिटांच्या वाऱ्यासाठी चालवलंत तर लॅपटॉप रात्रभर कुथत बसेल आणि उत्तर तेच येईल.

ॲक्टिव्ह रेक्टिफायर, व्हेक्टर कंट्रोल, ग्रिडवरचा फॉल्ट असं काही तपासायचं असेल तेव्हा डीक्यू घ्या, म्हणजे तिन्ही फेज मॅग्नेटबरोबर फिरणाऱ्या डी आणि क्यू या दोन अक्षांवर मांडणारं मॉडेल. मॅग्नेट पृष्ठभागावर असल्याने डी आणि क्यू इंडक्टन्स सारखेच, त्यामुळे टॉर्क = १.५ × पोलच्या जोड्या × फ्लक्स लिंकेज × क्यू करंट. दोन ठिकाणी पाय घसरतो. तो १.५ अँप्लिट्यूड कायम ठेवणाऱ्या रूपांतरातच येतो, पॉवर कायम ठेवणाऱ्यात नाही. आणि बहुतेक तयार ब्लॉक मोटारच्या चिन्हांवर बेतलेले असतात, जनरेटरसाठी टॉर्क उणे द्यावा लागतो. मॉडेल चालू केल्यावर चाक आपोआप वेग घेत सुटलं तर चिन्ह उलटं आहे, वारा जोरात नाही.

पायरी ८: लेथवर

जनरेटर तयार झाला की टॉवरवर नेण्याआधी लेथच्या चकात धरा आणि मोकळ्या टर्मिनलवर मोजा. ८० वेढ्यांच्या मशीनला ३०० आरपीएमवर लाइन-टू-लाइन ४३.६ व्होल्ट आरएमएस यायला हवेत, ३० हर्ट्झवर. लेथवर लिहिलेल्या आरपीएमवर विश्वास नको, मीटरवर हर्ट्झ बघा आणि १० ने गुणा. फ्लक्स लिंकेज उलट काढायला: लाइन आरएमएस × ०.८१६ ÷ इलेक्ट्रिकल वेग.

रेझिस्टन्स साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर मोजू नका. एक ओहमच्या आसपास टोकांच्या वायरीच आकड्याचा बराच भाग खातात. चाक थांबवून दोन टर्मिनलमधून २ अँपिअर डीसी सोडा, व्होल्ट थेट स्टेटरच्या टोकांवर मोजा, भागा, आणि स्टार आहे म्हणून पुन्हा २ ने भागा. ते करताना खोलीचं तापमान लिहून ठेवा.

इंडक्टन्स एलसीआर मीटरवर, १०० किंवा १२० हर्ट्झच्या रेंजला. १ किलोहर्ट्झला मॅग्नेट आणि चकत्यांमध्ये एडी करंट (धातूत घुमणारे करंट) येऊन आकडा कमी दिसतो. शॉर्ट सर्किट करून इंडक्टन्स काढायचा मोह होतो, पण या मशीनला १०० आरपीएमवर रिॲक्टन्स ०.१ ओहम आणि रेझिस्टन्स ०.५७. करंट रेझिस्टन्सच ठरवतो, इंडक्टन्स त्यात सापडत नाही, आणि आरपीएम वाढवावी तर कॉइल जळतील.

मोजलेलं व्होल्टेज मॉडेलपेक्षा पाच टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असेल तर पुढे चला. दहाच्या वर कमी असेल तर आधी गॅप मोजा. रेझिन ओतताना स्टेटर फुगतो आणि १६ चे १९ मिलिमीटर झालेले असतात. तिन्ही फेज सारख्या प्रमाणात कमी आल्या तर गॅप किंवा मॅग्नेट. एकच फेज कमी आली तर वेढे. आणि एका फेजवर बरोबर एक तृतीयांश व्होल्टेज दिसलं तर त्या फेजच्या तीन कॉइलपैकी एक उलटी जोडली गेली आहे: दोघी बेरीज करतात, तिसरी वजा. रेझिन ओतण्याआधी सांध्यांवर हे तपासलं असेल तर दहा मिनिटांत सुटतं. ओतल्यावर कळलं तर तिन्ही कॉइलची टोकं बाहेर काढलेली असली तरच इलाज आहे, म्हणून पहिल्या स्टेटरला नऊच्या नऊ कॉइलची टोकं बाहेर ठेवा, मग सांधे बाहेर करा.

मोजलेले चार आकडे स्प्रेडशीटमध्ये घाला, रेझिस्टन्स ८० अंशांचा करा, आणि पायरी ५ पुन्हा चालवा. छेदबिंदू बघून शेपटीचं वजन, कंट्रोलर आणि केबलचा गेज ठरवा, त्यानंतरच टॉवरच्या पायाचा खड्डा खणायला घ्या.